खाटेवर न बसणारी मुलगी

या लेखात कुणाचंही नाव नाही. कारण शेवटी येईल. तसं नोकरीत मी नावं भरपूर लिहिली आहेत, त्यामुळे इथे नाही लिहिली तरी माझं काही अडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीची मुलगी आठ दिवस आमच्याकडे लोणखेड्याला आली. वय सात. येताना तिनं एक कापडी पिशवी आणली होती. तिच्यात पाच फासे, एक वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर. जावई दर रविवारी मित्रांबरोबर एक खेळ खेळतात. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट सांगायची, आणि पात्राला एखादं काम जमलं की नाही ते फासा टाकून ठरवायचं. जावई इंजिनिअर आहेत. मोठी माणसं दिवसभर असं खेळतात हे मला नवीन होतं, पण जावयाला काय विचारणार.

फाशांपैकी एकाला वीस बाजू होत्या. बायकोनं तो उचलून उजेडात धरला.

"हाई काय शे? बोरनी बी शे का?"

"आजी, तो फासा आहे. तोंडात घालू नको."

"मी कसाले घालसू तोंडमा?" बायको म्हणाली आणि तो खिडकीत ठेवून शेव पाडायला निघून गेली.

जावयानं लहान मुलांसाठी खेळ सोपा करून एका पानावर लिहून दिला होता. पात्राला पाच गोष्टी हव्यात. नाव. काय चांगलं जमतं. काय जमत नाही. जवळ काय असतं. आणि एक नियम, जो हे पात्र कधीच मोडत नाही. फाशावर चार किंवा जास्त पडलं तर जमलं, कमी पडलं तर नाही जमलं. वीस बाजूंचा फासा मोठ्या माणसांसाठी, आपला नेहमीचा सहाचा.

"आजोबा, तुम्हाला येईल का पात्र बनवायला?"

मी म्हणालो, येईल.

मी खिशातलं पेन काढलं. तिनं ते काढून घेतलं. "पेनानं नसतं लिहायचं. पेन्सिलनं. पात्र बदलतं ना."

मी तीस वर्षं नोंदी शाईनं केल्या. शाळेत पेन्सिलीची नोंद चालत नाही.

"मुलगी," नात म्हणाली. "दहा वर्षांची. डोंगरात राहते."

"उंची एकशे अठ्ठावीस," मी म्हणालो. "वजन चोवीस. चित्रे आवडीने रंगवते. परिसरातील पाने, बिया गोळा करते. गटकार्यात पुढाकार घेते. मोठ्याने बोलायला संकोचते, परंतु विचारल्यास नेमके उत्तर देते."

नातीनं पेन्सिल थांबवली. "तुम्हाला हे इतकं पटापट कसं येतं?"

शेजारच्या खोलीतून बायको म्हणाली, "तुन्हा आजा मास्तर शे. त्यासले बठं येस."

मास्तराला सगळंच येतं, असं म्हणून बायकोनं मला वाचवलं असं त्या वेळी वाटलं. पण मला ते का येत होतं, ते आता लिहितो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी डोंगरात होतो. खापरपासून वर, काठीच्याही पुढे, एका पाड्यावरची दोन शिक्षकी शाळा. पट घटला की दुसऱ्या शिक्षकाची जागा जाते. दुसरा शिक्षक मी होतो; पहिला महिन्यातून एखाद्या दिवशी यायचा, रजिस्टर आणि सह्या माझ्याकडेच असायच्या. जागा गेली असती तर माझी बदली आणखी आत, जिथे पावसाळ्यात चार महिने रस्ताच नसतो अशा ठिकाणी झाली असती. माझी मुलगी तेव्हा लहान होती. तिला ताप आला की तालुक्याला आणायला लागायचं. हे मी कारण म्हणून सांगतो आहे. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत, ती खोटी नाहीत.

तर पट घटू द्यायचा नव्हता. पाड्यावरची बरीच कुटुंबं दिवाळी झाली की गुजरातेत ऊसतोडीला, कापूस वेचायला जायची आणि होळीला परत यायची. मुलं बरोबर जायची. हजेरीपटावर मात्र ती राहायची, आणि मी त्यांना हजर करायचो. काही मुलं दोन-दोन वर्षं यायची नाहीत. त्यांना मी पास करायचो. आधी चार होती, मग अकरा, मग सतरा. त्यातली तीन तर जन्मलीच नव्हती. ती पूर्ण माझी होती.

बाकीचे मास्तर अशा मुलांच्या जन्मतारखा एक जून टाकून मोकळे व्हायचे. मी वेगवेगळ्या टाकायचो. उंची दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटर वाढवायचो. एकदा तपासणीला आलेले साहेब नोंदी बघून म्हणाले, "या मुलीची वाढ चांगली आहे." मी म्हणालो, "हो साहेब, आहार देतो." पुढे वर्णनात्मक नोंदी लिहायची पद्धत आली. प्रत्येक मुलाची आवड, छंद, सुधारणा कुठे हवी, हे दोन ओळींत लिहायचं. बाकीच्यांना ते जड गेलं. मला नाही. केंद्राच्या बैठकीत माझी वही नमुना म्हणून फिरवली गेली. नमुना म्हणून उघडलेल्या पानावरची मुलगी त्या महिन्यात सुरतेच्या पलीकडे उसाच्या फडात होती.

होळीला मात्र माझा हजेरीपट चालत यायचा. काठीच्या होळीला सगळा डोंगर गोळा होतो. मी तिथे गर्दीत उभा राहून मुलं ओळखायचो. हा माझ्याकडे तिसरीत आहे. ही दुसरीत आहे, गणितात प्रगती समाधानकारक. त्यांना ते माहीत नसायचं.

"नियम काय ठेवू हिला?" नातीनं विचारलं.

मी तिला फोनवर होळीतले फोटो दाखवले. अंगावर पांढरे ठिपके काढलेले पुरुष, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेल्या दुधी भोपळ्यांची माळ. मी सांगितलं की हे लोक नवस फेडतात. त्या दिवसांत ते पाळणूक करतात. खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर झोपतात, पायात चप्पल घालत नाहीत. जे व्हायचं ते नीट व्हायचं, नुसता टोप घालून चालत नाही.

"हिला तो टोप द्या."

"मुली तो घालत नाहीत गं."

"कागदावर घालतात," नात म्हणाली आणि लिहिलं. जवळ काय असतं: मोराचा टोप. नियम: खाटेवर बसत नाही.

मग ती स्वतः खाटेवरून उतरून खाली बसली. मलाही उतरवलं. गोष्ट सांगणारा पण नियमात येतो, असं तिचं म्हणणं पडलं. पुढचे सगळे दिवस आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवलो, जमिनीवर झोपलो. माझी कंबर धरली. बायको म्हणाली, "आते रिटायर व्हवाना टाईम उना, अन हाऊ बुवा होई ऱ्हायना."

मग राहिला एक रकाना. काय जमत नाही.

"तुम्ही सांगा," नात म्हणाली. "मी सांगितलं तर मी सोपं सांगते."

मी म्हणालो, "वाचता येत नाही."

मी विचार करून बोललो असतो तर पोहता येत नाही, असं म्हणालो असतो.

"दहा वर्षांच्या मुलीला वाचता येतं आजोबा. मला सातव्या वर्षी येतं. शाळेत नाही जात का ती?"

"चौथी पास आहे."

"मग येत असेल वाचता."

"नाही येत."

नातीनं दोन्ही लिहिलं. एकाखाली एक. चौथी पास. वाचता येत नाही. मग खोडरबर माझ्यापुढे सरकवला.

"असं नसतं. यातलं एक खोडा."

मी खोडरबर हातात घेतला. कुठलं खोडायचं ते मला ठरवता येईना. मी म्हणालो, चहा घेऊन येतो. मी घरात कधी चहा करत नाही. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली.

ती मुलगी खरी होती. पहिलीत दाखल झाली तेव्हा अकरा दिवस शाळेत आली, मग आईबापाबरोबर तोडीला गेली. पुढची तीन वर्षं ती माझ्या वहीत वाढली. नमुन्याचं पान तिचंच. चित्रे आवडीने रंगवते, हे मी त्या अकरा दिवसांतलं एक बघून लिहिलं होतं. खडूनं फरशीवर तिनं कोंबडा काढला होता. तेवढं एक खरं आहे.

चौथ्या वर्षी होळी झाल्यावर तिचा बाप तिला घेऊन शाळेच्या दारात आला. तिच्या हातात चौकट तुटलेली पाटी. बाप म्हणाला, "हिला बसवा गुरुजी. आता नेणार नाही बरोबर. आजीजवळ ठेवतो. शिकू द्या."

मी रजिस्टर उघडलं. रजिस्टरात ती चौथीत होती आणि वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. तिला अ-आ-इ शिकवायचं म्हणजे पहिलीत बसवायचं. पहिलीत बसवायचं तर तीन वर्षांचं कुणालातरी सांगावं लागलं असतं. वर्गात बसवून गुपचूप शिकवता आलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण तपासणीत कुणी तिला उभं करून वाचायला सांगितलं असतं तर?

मी बापाला म्हणालो, "ही तर चौथी पास होतेय. पुढच्या महिन्यात दाखला घेऊन जा. पाचवीला आश्रमशाळेत घाल."

बापानं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं. त्याला आनंद झाला. दाखला घ्यायला आला तेव्हा पानाच्या द्रोणात चारोळ्या घेऊन आला. मी त्या खाल्ल्या.

त्या दिवशी दारात मुलीनं एवढंच विचारलं, "मग मी आज बसू?"

मी म्हणालो, "आता कशाला बसतेस? तू पास झालीस."

पुढे माझी बदली सपाटीवर झाली, मग मुख्याध्यापक झालो. ते रजिस्टर अजून त्या शाळेच्या कपाटात असेल. वाळवीनं खाल्लं असेल तर बरं, असं मी बरेचदा मनात आणलं आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या सध्याच्या शाळेत एक बाई मुलीला पहिलीत घालायला आली. नवरा गावातल्या एका पपईच्या मळ्यावर सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी. मी फॉर्म भरत होतो. मुलीचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. आईचं नाव ऐकून मी मान वर केली. तिनं मला आधीच ओळखलं होतं.

"गुरुजी, तुमचे केस गेले," ती म्हणाली.

तिला तू म्हणावं की तुम्ही, ते मला कळेना. मी पुढचा रकाना वाचला. आईचं शिक्षण?

"चौथी."

मी चौथी लिहिलं. खाली सही करायची जागा आली. तिनं अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड सरकवला. तिनं अंगठा उमटवला. तिची मुलगी वर्गात माझ्यापुढे बसायला लागली. कोंबडा वगैरे काढत नाही. गणितात बरी आहे.

हेही मी पचवलं असतं. पण दिवाळीच्या आधी निरक्षरांचं सर्वेक्षण आलं. शाळेच्या हद्दीत ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांची यादी करायची, त्यांना शिकवायचं, आणि कुणी सुटलेलं नाही असं मुख्याध्यापकानं सहीनिशी लिहून द्यायचं. माझ्या शाळेतले शिक्षक घरोघर फिरले. मळ्यावरही गेले. ती म्हणाली चौथी, त्यांनी तिला सोडलं. यादी माझ्या टेबलावर आली, सुट्टी संपली की पाठवायची होती. तिचं नाव यादीत घालायचं तर तिचा दाखला खोटा, असं लिहावं लागलं असतं. दाखला खोटा म्हणजे त्यावरची सही खोटी. आणि एक पान उलटलं की सोळा पानं उलटणार. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत.

ती यादी पिशवीत घेऊन मी सुट्टीवर घरी आलो होतो. वर नातीचा खोडरबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको सुपात दादर ज्वारी पाखडत होती. नात मोराचा टोप करायला कोंबडीची पिसं गोळा करत अंगणात फिरत होती. मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सतरा मुलं, नमुन्याची वही, दाखला, चारोळ्या. ती पाखडत राहिली. माझं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"माले कसाले सांगी ऱ्हायनात?" ती म्हणाली. "तिले सांगा."

एवढंच. मी आणखी कशाची तरी अपेक्षा केली होती. रडेल, चिडेल. ती उठून दादर डब्यात भरायला गेली.

चार वाजता मी मोटरसायकल काढली. नात मागे बसली, पिशवी गळ्यात. तिला मी नेणार नव्हतो, पण मळ्यावर सात वर्षांची मुलगी आहे हे कळल्यावर ती ऐकेना. खेळाला दोन माणसं लागतात आणि आजोबा नीट खेळत नाहीत, असं कारण तिनं दिलं.

पंपघराला लागून पत्र्याची खोली. पुढे बाज टाकलेली. ती बाई चूल सारवत होती. नवरा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मला बघून दोघं उठले. नवऱ्यानं बाजेवर गोधडी अंथरली.

"बसा गुरुजी."

"आम्ही खाटेवर बसत नाही," नात म्हणाली.

ते दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बसलो. मुख्याध्यापक खाली बसल्यावर बाजेवर कोण बसणार? सगळेच खाली बसले, बाज तशीच मोकळी. नवऱ्यानं विचारलं, काही नवस आहे का? मी म्हणालो, असंच काहीतरी.

मग मी पपईबद्दल बोललो. पानं पिवळी पडताहेत का, विचारलं. पडत होती. व्हायरस आहे, तो म्हणाला. औषध आहे का, मी विचारलं. नाही, तो म्हणाला, झाड उपटायचं. हे बोलणं मी पंधरा-वीस मिनिटं चालवलं. चहा झाला, ती परत चूल सारवायला लागली. मी दुसऱ्यांदा पानं कधीपासून पिवळी पडताहेत ते विचारलं.

इकडे दोन्ही मुली पंपघराच्या ओट्याला टेकून बसल्या होत्या. नात तिला पात्र वाचून दाखवत होती. घरात वाचते तसंच, मोठ्यानं.

"दहा वर्षांची. डोंगरात राहते. चित्रं रंगवते. मोराचा टोप आहे. चौथी पास. वाचता येत नाही. यातलं एक खोडायचंय, पण आजोबांना कळत नाही कुठलं."

चुलीजवळ सारवणं थांबलं.

"ही कोण?" त्या बाईनं विचारलं. मुलींना नाही, मला.

मी म्हणालो, "तू."

मग बाकीचं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तीन वर्षं तू वहीत हजर होतीस. तू आलीस त्या दिवशी तुला बसवलं असतं तर मी सापडलो असतो. म्हणून नाही बसवलं. माझी चूक झाली असं मी म्हणालो, मग ते बरोबर वाटेना, म्हणून म्हणालो, चूक नाही, मी ते समजून केलं.

ती शेणामातीचे हात तसेच धरून बसली होती.

"मी आश्रमशाळेत गेले होते," ती म्हणाली. "पाचवीत. तिथल्या बाई म्हणाल्या, फळ्यावरचं वाच. मी म्हटलं, मी चौथी पास आहे. पोरी हसल्या. आठ दिवस राहिले. मग आजीनं आणलं." मग म्हणाली, "मला वाटलं, चौथीपर्यंत असंच असतं. न जाता होतं. पाचवीपासून वाचायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

नवऱ्याला हे सगळं समजायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा खुलला.

"म्हणजे माझी तिसरी मोठी? आठ वर्षं झाली, ही मला म्हणते, तू एक इयत्ता कमी आहेस."

"चूप बस," ती म्हणाली. "तुझी तिसरी कुणी लिहिली ते आधी विचारून ये."

तो चूप बसला. मला वाटतं, तो खरंच विचार करत होता.

मी पिशवीतून यादी काढली. सांगितलं की यात तुझं नाव घालतो, मग तुला रीतसर शिकवता येईल, आणि मागचं मी खरं लिहून देतो. माझं व्हायचं ते होईल. हे मी वाटेत पाठ केलं होतं.

"आणि माझा दाखला?"

"तो रद्द होईल."

ती उठली, हात धुतले, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दाखला घेऊन आली. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. दिला नाही, समोर धरला.

"हा लग्नात दाखवला होता. यात काय लिहिलंय ते वाचा. मला कुणी पूर्ण वाचून नाही दाखवलं."

मी वाचला. नाव. जन्मतारीख. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडल्याचे कारण, चौथी उत्तीर्ण. खाली माझी सही. तेव्हा मी सही मोठी करायचो.

"जन्मतारीख कुठून आणली?"

"मनानं टाकली."

"त्या तारखेला मोबाईलवर कंपनीचा निरोप येतो," ती म्हणाली. "शुभेच्छा. हा वाचून दाखवतो."

नवऱ्यानं मान हलवली.

तिनं दाखल्याची घडी घातली. "नाव नाही घालायचं यादीत. निरक्षर नाही लिहून घेणार मी. चौथी मी आहे. तुम्हीच केलं. आता चौथीत काय असतं, ते शिकवा."

"आधी पहिलीचं शिकावं लागेल."

"मग पहिलीचं शिकवा. पण चौथीच राहू द्या."

नात उठून आली होती. वही त्या बाईपुढे धरून म्हणाली, "मग हे खोडू?" वाचता येत नाही, यावर बोट.

"खोड."

"असं नाही खोडत. फासा टाकावा लागतो. चार आले तर."

त्या बाईनं फासा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि टाकला. दोन पडले.

"नाही जमलं," नात म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. "उद्या परत टाकायचा. रोज एकदा टाकता येतो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी परत गेलो. पाटी नवीन घेतली होती, चौकटीची. त्या दिवशी एक पडला.

सुट्टी संपल्यावर मी यादीवर सही केली. तिचं नाव त्यात नाही. म्हणजे ती सहीसुद्धा खोटीच आहे, आणि या वेळी माझ्यासाठी नाही असं म्हणायचा मोह मी टाळतो, कारण माझीही सोय झाली. मोठ्या साहेबांना मागचं सगळं लिहून द्यावं का, असं मी तिला पुन्हा एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाकीच्यांना आधी शोधा. त्यांना विचारा." सोळातले तीन जन्मलेलेच नाहीत. उरलेल्या तेरांपैकी दोघांचा पत्ता लागला आहे. एक सुरतेला आहे, त्यानं फोन उचलला आणि मी नाव सांगितल्यावर ठेवला. दुसरीनं ओळखलं नाही.

नात तिच्या घरी गेली. वही इथेच ठेवून गेली, फासापण. मी मळ्यावर आठवड्यातून पाच दिवस जातो. हजेरी घेत नाही. ती कधी दोन दिवस बसत नाही, पपई तोडायची असते. बसली तर तासभर बसते. मुलगी शेजारी बसून आईच्या चुका काढते. जोडाक्षरांवर सध्या अडलं आहे. फाशावर चार एकदा पडले होते, पण ती म्हणाली, अजून येत नाही मला, खोडू नका. त्यामुळे ती ओळ अजून आहे. मी जमिनीवरच बसतो. नातीनं फोनवर विचारलं होतं, मोडला नाही ना नियम? मी म्हणालो, नाही. कमरेला बायको तेल लावते.

हे सगळं लिहू का, म्हणून मी त्या बाईला विचारलं. ती पाटीवर काहीतरी गिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा. नाव नको. आणि मला वाचून दाखवू नका."